लोणारचें पाणी व प्रथिनांचा साज

इ. स. २०२० च्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें हिरवट पाणी एकाएकीं गुलाबी दिसूं लागलें. ज्या स्थळीं विष्णूनें लवणासुराचा वध केला अशी कथा आहे, तेथें असा रंग पाहून भाविकांस ती कथा आठवली तर नवल नाहीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें मात्र परीक्षा करून निर्णय दिला कीं, पाणी आटून क्षारता वाढली, त्यामुळें हॅलोआर्किया नांवाचे लवणप्रिय सूक्ष्मजीव माजले, आणि रंग त्यांचाच आहे.

ह्याच क्षुद्र जीवांच्या कुळानें प्रथिनांविषयींचा एक मोठा भ्रम दूर केला, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

पेशींत अमिनो आम्लांची माळ ओवली गेली म्हणजे प्रथिनाचें काम संपलें, असें नाहीं. सोनारानें दागिना घडविल्यावर जडावाचें काम व्हावें, त्याप्रमाणें तयार प्रथिनावर पेशी कोठें फॉस्फेट, तर कोठें शर्करेची साखळी जोडते, आणि त्या योगें त्याचा गुण पालटतो. स्नायूंत साठलेली शर्करा मोकळी करणारें विकर फॉस्फेट चढल्यानें कार्यक्षम होतें, हें एडमंड फिशर व एडविन क्रेब्स ह्यांनीं १९५५ च्या सुमारास दाखविलें; त्याबद्दल त्यांस १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

शर्करेची जोडणी मात्र प्राणी व वनस्पती ह्यांसारख्या प्रगत पेशींचाच मान, अशी समजूत रूढ होती. १९७६ सालीं मेशर व स्ट्रॉमिंजर ह्यांनीं हॅलोबॅक्टेरियम ह्या लवणप्रिय जीवाच्या बाह्य आवरणांतील प्रथिनावर शर्करा जोडलेली असल्याचें सिद्ध केलें, आणि ती समजूत ढासळली. हा साज केवळ शोभेचा नव्हे. हॅलोफेरॅक्स ह्या त्याच्या भाऊबंदांत ही जोडणी बंद पाडली असतां तीव्र मिठांत त्याची वाढ मंदावते, असें पुढील प्रयोगांत दिसून आलें.

ज्याचें घर मिठांत, त्याचा नाश गोड्या पाण्यांत. हॅलोबॅक्टेरियमची पेशी तेथें फुटून जाते. लोणार सरोवर २०२० सालीं रामसर यादींत समाविष्ट झालें, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु त्याचें रक्षण करणें म्हणजे केवळ देवळें व कांठ जपणें नव्हे. त्याचा खारेपणा जपला नाहीं, तर तेथील ही सूक्ष्म विद्याशाळाच उठून जाईल.