वानर आणि यात्रिक

२०२४ च्या दिवाळीत आमच्या घरी एक माकड आले आणि पंधरा दिवस मुक्काम ठोकून राहिले. केसाळ, अंगात चिलखत, हातात लांब काठी. माझ्या अकरावीतल्या नातवाने सहामाही संपताच संगणकाला दिवाणखान्यातला मोठा पडदा जोडला, चकल्यांचा डबा शेजारी ओढला आणि तो जो बसला तो लक्ष्मीपूजनालासुद्धा तिसऱ्या हाकेला उठला. खेळाचे नाव 'ब्लॅक मिथ : वुकाँग'. चीनमधल्या 'गेम सायन्स' नावाच्या मंडळींनी तो २० ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटीवर प्रती खपल्या. मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती चार वर्षांत संपली तर प्रकाशक पेढे वाटतो, हे पाहात आलेल्या मला तो आकडा दोनदा विचारून घ्यावा लागला.

मी जन्मभर इतिहास शिकविला. मुलांच्या खेळांत मला एरवी गोडी नाही. पण एका संध्याकाळी त्या पडद्यावर एक देऊळ दिसले आणि मी हातातले निरांजन तसेच धरून उभी राहिले. लाकडी तुळयांची ती रचना, बाकदार छपराखालचे ते एकावर एक चढत गेलेले आधार, ते कुणा चित्रकाराने मनाने काढलेले नव्हते. कुणीतरी तिथे जाऊन, खांब न् खांब मोजून ते आणले होते. "हे कुठले रे?" मी विचारले. "आजी, लढाई चाललीय," तो म्हणाला. पुढल्या क्षणी त्याचे माकड मेले, आणि त्याचा दोष अर्थातच माझ्या माथी आला.

खेळ थोडक्यात असा. सुन वुकाँग हा चिनी लोककथेतला वानरराज. देवांशी त्याचे पुन्हा भांडण होते, तो पडतो, त्याचा पाषाण होतो आणि त्याची शक्ती सहा ठिकाणी विखुरते. ते सहा अंश म्हणजे डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन. बौद्धांची सहा इंद्रिये ती हीच. आपण एका तरुण वानराच्या रूपाने हे सहा अंश गोळा करीत सहा अध्याय पार करावयाचे. वाटेत शेकडो राक्षस. काहींना मारले की त्यांचे रूप घेता येते. मीही एकदा हट्टाने कंट्रोलर हातात घेतला. पहिल्याच अध्यायात टकलाच्या अवाढव्य डोक्याचे एक भूत रानात हिंडत असते. त्याने मला सात वेळा मारले. आठव्यांदा मी कंट्रोलर परत केला.

मला आवडले ते वेगळेच. प्रत्येक राक्षस पडला की वहीत त्याचे चित्र उमटते आणि त्याच्याखाली त्याची कथा येते. हा पूर्वी कोण होता, कशाच्या लोभाने असा झाला. नातवाने त्यातली एकही वाचलेली नव्हती. मी त्याला थांबवून त्या वाचायला लावल्या. दुसऱ्या अध्यायात वाळवंटात एक भिक्षू तीन तारांचे वाद्य घेऊन गात बसलेला असतो. ह्या भिक्षूला डोकेच नाही. गाणे मात्र उत्तर शेन्शी प्रांतातल्या खऱ्या कथागायकांच्या ढंगाचे, आपल्या शाहिराची आठवण करून देणारे. शब्द एकही कळला नाही, तरी मी ते तीनदा लावायला सांगितले.

तो डोके नसलेला भिक्षू पाहून मला दुसराच एक भिक्षू आठवला. कारण ही सारी कथा मुळी वानराची नव्हतीच. ती एका माणसाची होती, आणि तो माणूस आपल्याकडे येऊन गेला होता.

शाळेत आपण त्याला ह्युएनत्संग म्हणतो. आपल्या भाषेतले बौद्ध ग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत, मुळात काय लिहिले आहे ते पाहिले पाहिजे, ह्या एका कारणासाठी तो इ.स. ६२९ च्या सुमारास चांगआनहून निघाला. राज्याबाहेर जायला बंदी होती. ती मोडून निघाला. सीमेवर एक वाटाड्या सोबत घेतला, त्याने पहिल्याच टप्प्यात रात्री सुरा उपसला. मग वाटाड्याला परत धाडून हा एकटाच गोबीच्या वाळवंटात शिरला. पाण्याची पखाल हातून निसटून सांडली. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी म्हाताऱ्या घोड्यानेच पाण्याचा माग काढला, असे त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. नालंदेला शीलभद्रांच्या पायाशी बसून तो शिकला. ६४५ साली परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते, वीस घोड्यांवर लादलेले. सम्राटाने प्रवासाची हकीगत मागितली, म्हणून ६४६ साली त्याने ती लिहवून दिली. कोणत्या गावाहून कोणत्या दिशेला किती 'ली' चालले की कोणते गाव, हे त्यात इतक्या काटेकोरपणे आहे की बाराशे वर्षांनी जनरल कनिंगहॅम फ्रेंच भाषांतराच्या आधाराने बिहारात हिंडला आणि बडगावच्या ढिगाऱ्यांपाशी नालंदा ओळखता झाला.

६४१ च्या सुमारास हा भिक्षू आपल्या मुलखात आला. 'मो-हो-ला-च' असे त्याने महाराष्ट्राचे नाव ऐकले. इथली माणसे साधी पण मानी, असे तो सांगतो. उपकार केला तर विसरत नाहीत, अपमान केला तर जीव धोक्यात घालून सूड घेतात, आणि सूड घेण्याआधी शत्रूला तशी वर्दी देतात, म्हणजे त्यानेही तयारीत असावे. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करीत नाहीत. त्याला बायकांचे कपडे भेट देतात, आणि तो लाजेने स्वतःच जीव देतो. (ह्या वाक्यावर वर्गात मुली नेहमी हरकत घेत, आणि ती रास्त होती.) लढाईआधी माणसांना आणि हत्तींनाही मद्य पाजतात. राजा पुलकेशी. उत्तरेचा हर्ष सगळीकडे जिंकला, इथे त्याचे काही चालले नाही. हे शेवटचे आपल्याला दुसरीकडूनही ठाऊक आहे. ६३४ सालच्या ऐहोळच्या शिलालेखात रविकीर्तीने हर्षाचा 'हर्ष' कसा मावळला यावर कोटी करून ठेवली आहे. राजकवीने आपल्या धन्याची स्तुती करावी ह्यात नवल नाही. पण ह्या भिक्षूने पुढे हर्षाचा पाहुणचार घेतला होता, तरीही त्याने तसेच लिहिले.

पुढे तो पूर्व सीमेवरच्या एका डोंगराचे वर्णन करतो. अंधाऱ्या दरीत खोदलेला विहार, भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मांचे प्रसंग, बांधणारा अचल नावाचा अर्हत. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव खरोखर आहे. पण त्याच परिच्छेदात तो सत्तर फूट उंचीची बुद्धमूर्ती सांगतो, आणि तिच्यावर आधारावाचून अधांतरी तरंगणारी सात छत्रे. अजिंठ्यात अशी मूर्ती नाही. दाराबाहेर दोन पाषाणाचे हत्ती आहेत, ते अधूनमधून चीत्कार करतात आणि भूमी हादरते, असेही लिहितो. तेव्हा तो स्वतः अजिंठ्याला गेलाच नसावा, वाटेत ऐकले ते लिहिले, असे काही विद्वानांना वाटते. मला पूर्वी ह्या परिच्छेदाचा राग येई. एवढा मोजूनमापून लिहिणारा माणूस, आणि इथेच का घसरावा? हल्ली राग येत नाही. ज्याने त्याला हत्तींची गोष्ट सांगितली तो कुणीतरी आपलाच माणूस असणार, आणि ती सांगताना त्याचा चेहरा खुलला असणार.

असो. ह्युएनत्संग मायदेशी परतला, आणि ज्या गोष्टी त्याने वाटेत गोळा केल्या त्यांनी मग त्यालाच गिळायला सुरुवात केली. कान्सू प्रांतातल्या यूलिन लेण्यांत, बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमाराच्या चित्रांत, भिक्षू हात जोडून उभा आहे आणि त्याच्या मागे घोड्याशेजारी एक माकडतोंड्या सोबती आहे. सोंग काळच्या कथेकऱ्यांच्या एका पोथीत हा वानर यात्रिकाला वाटेत भेटतो आणि वाट दाखवितो. १५९२ साली नानकिंगला शंभर अध्यायांची 'पश्चिमयात्रा' छापली गेली. छापणाऱ्यांनी लेखकाचे नाव दिले नव्हते. ती सामान्यतः वू छंग-अनची मानतात. तीत वानर दगडातून जन्मतो, बहात्तर रूपे घेतो, स्वर्गात धुमाकूळ घालतो, पाचशे वर्षे डोंगराखाली अडकून पडतो. आणि भिक्षू? तो रडतो. राक्षस दिसला की घोड्यावरून पडतो. ज्याने एकट्याने गोबी ओलांडली त्याला लोकांनी भित्रा करून टाकले, कारण वानराला वाचवायला कुणीतरी हवे होते.

हा वानर म्हणजे आपला मारुतीच, असे हू शी ह्या चिनी पंडिताने १९२३ साली मांडले. लू शुनने ते मानले नाही. त्याच्या मते तो चिनी नदीतला जुना जलराक्षस. वाद मिटलेला नाही. च्वानचौ बंदरातल्या तेराव्या शतकातल्या दगडी मनोऱ्यावर एक वानरयोद्धा कोरलेला आहे, आणि त्याच बंदरात त्याच शतकात तमिळ व्यापाऱ्यांनी शिवाचे देऊळ बांधले होते. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण आमच्या शेजारच्या मारुतीला शनिवारी तेल घालताना मला च्वानचौ आठवते खरे.

ह्या खेळात भिक्षू तर जवळजवळ नाहीच. नातवाला मी विचारले, "ही यात्रा कशासाठी चालली होती?" तो म्हणाला, "देवांविरुद्ध." मी म्हटले, "पुस्तके आणायला." त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले. त्या पंधरा दिवसांत प्रथमच. "म्हणजे तो माणूस खरा होता?"

खेळाचा एक दोष सगळेच खेळणारे बोलून दाखवितात. पुढे वाट दिसते, झाडे दिसतात, पण पाऊल टाकावे तर हवेतच अडते. तिथे न दिसणारी भिंत आहे. राजाज्ञा मोडून सीमा ओलांडणाऱ्याच्या कथेत हे फार खटकते. पण त्याच कारागिरांचे दुसरे काम पाहिले की बोलणे आवरावे लागते. त्यांनी छत्तीस खऱ्या स्थळांचा आधार घेतला, त्यांतली सत्तावीस एकट्या शान्शी प्रांतातली. यींगश्यानचा १०५६ सालचा लाकडी मनोरा, यूनकांगची लेणी, आणि शी जिल्ह्यातले मिंग काळातले ते छोटे देऊळ, जिथे मातीच्या शेकडो मूर्ती भिंतीवरून छतापर्यंत लटकत चढत जातात. यंत्रांनी त्यांची इंचाइंचाने मापे घेतली. खेळ निघाल्यावर लोकांची तिथे इतकी रीघ लागली की आडगावच्या देवळांना रांगा आवराव्या लागल्या. त्या छोट्या देवळाचे नाव 'लहान पश्चिमस्वर्ग'. चिनी भाषेत पश्चिमस्वर्ग म्हणजे भारत. खेळातल्या तिसऱ्या अध्यायातल्या स्थळाचेही नाव हेच. कादंबरीत तो एक खोटा भारत आहे, राक्षसाने यात्रिकांना फसवायला उभारलेला. यात्रिक गुडघे टेकतो, वानर ओळखतो. मी नातवाला म्हटले, "हा खोटा. खरा इथून आगगाडीने एका दिवसाच्या वाटेवर आहे."

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत एक मुलगी राक्षसांशी लढते, आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात. आधी लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी जमली नाही. तरी त्यांनी तो पुरा केला. मला तो लहान, पण नेटका वाटला. त्यातली दगडी बांधकामे मन लावून केलेली आहेत. त्यांना शान्शीच्या कारागिरांएवढा पैसा मिळाला असता तर वेरूळ कसे दिसले असते, ह्याचा विचार मी अधूनमधून करते.

डिसेंबरात आम्ही दोघे अजिंठ्याला गेलो. त्याने सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी दोन्ही बाजूंचे हत्ती पाहिले. झिजलेले, सोंड तुटकी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. मी त्याला ह्युएनत्संगाचे वाक्य सांगितले. तो काही बोलला नाही. सभोवार पाहून त्याने हळूच डाव्या हत्तीला कान लावला. तेवढ्यात वरून रखवालदाराने शिट्टी फुंकली आणि दगडाला हात लावू नका म्हणून ओरडला.

"काही ऐकू आले का?" खाली उतरताना मी विचारले.

"शिट्टीच वाजली ना मध्ये," तो म्हणाला.