वेश, व्यवसाय आणि नाव : गोव्याची दोन चित्रवाचने

सोळाव्या शतकातील युरोपीय वेशचित्रे आपल्याकडे बहुधा पुरावा म्हणून वापरली जातात : तेव्हाचा शेतकरी असा दिसे, सैनिक तसा. ती आधी संहिता म्हणून वाचावयास हवीत.

यान हुयगेन व्हान लिन्स्कोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा 'इतिनेरारिओ' १५९६ साली ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातील ताम्रपट लिन्स्कोटेनच्या रेखाटनांवरून डोएटेकम बंधूंनी कोरले. माणसे येथे बहुधा शेजारी शेजारी उभी केलेली, शरीरे रोमन पुतळ्यांच्या घडणीची. व्यापाऱ्याला भरपूर वस्त्र. शेतकऱ्याच्या वाट्याला लंगोटी, आणि वस्त्राचा अभाव हाच त्याचा गणवेश ठरतो.

याआधी सुमारे अर्धशतक, बहुधा गोव्यातच एखाद्या भारतीय चित्रकाराने रंगविलेला चित्रसंग्रह आज रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहे. शीर्षके पोर्तुगीज, ग्राहकही पोर्तुगीज. पण तेथे लोहार लोखंड ठोकतो, धोबी कपडे धुतो, नांगर चालतो. व्यवसाय ओळखू येतो तो कृतीवरून. योस्ट आमानच्या १५६८ च्या जर्मन व्यवसायचित्रांतही कारागीर आपल्या कामात गुंतलेलाच दिसतो. म्हणजे युरोपला ही दृष्टी अपरिचित नव्हती. दूरदेशीच्या माणसाला मात्र ती लागू केली गेली नाही.

काम पुसले की ओळखीचा भार शीर्षकावर पडतो. 'कानारीं' हा शब्द पाहावा. पोर्तुगिजांनी गोव्यातील कोंकणी भाषकांना दिलेले हे नाव. १६४० साली रायतूरला छापलेल्या स्टीफन्सच्या व्याकरणात तेच भाषेचे नाव आहे. लिन्स्कोटेन मात्र ते शेती व मासेमारी करणाऱ्यांना लावतो. भाषिक समूहाचे नाव व्यवसायाचे, आणि पर्यायाने वस्त्रहीनतेचे नाव होते.

'बालाघाट'ची गोष्ट निराळी नाही. पोर्तुगिजांच्या लेखी तो घाटमाथ्यापलीकडचा सगळाच मुलूख. तेव्हा निझामशाहीत असलेल्या तिसगावचा शिपाई आणि आदिलशाहीतला शिपाई एकाच पोशाखात उभे राहतात, आणि त्याच पटावर शेजारी नर्तकी! पुढे डी ब्रींच्या प्रवासग्रंथमालेत ही चित्रे पुन्हा कोरली गेली. मूळ रेखाटन आणि वाचक यांच्यात अशा रीतीने किमान दोन कोरक्यांचे हात आले, आणि त्यांपैकी कोणीही गोवा पाहिलेला नव्हता.