दोन डोळे, एक चित्र

ऐकता ऐकता एक बोट नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट इकडून तिकडे उडी मारतं ना? दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्यांचं एक करतो. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञानं स्टिरिओस्कोप वापरून हे दाखवून दिलं. प्रत्येक डोळ्यासमोर एक सपाट चित्र ठेवलं, की समोर घनाकार वस्तू उभी!

तरी शाळांमध्ये पोहोचली ती वेगळीच तपासणी. १८६२ मध्ये नेदरलँड्सच्या हेर्मान स्नेलन या डॉक्टरनं अक्षरांचा तक्ता काढला. स्वस्त आणि सोपा, भिंतीवर टांगला की झालं. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यानं शाळकरी मुलांची नजर तपासायचा कायदा केला, तोही याच तक्त्याच्या भरवशावर.

मला खटकतं ते इथंच. तक्ता प्रत्येक डोळ्याला वेगळं विचारतो, लांबचं दिसतं का? दोघं मिळून काम करतात का, हे विचारतच नाही. वाचताना दोन्ही डोळे आत वळून एकाच शब्दावर टिकावे लागतात. ज्या मुलाचे टिकत नाहीत, त्याला अक्षरं दोन-दोन दिसू शकतात, डोकं दुखतं. तक्त्यावर मात्र तो पास! मग शिक्का बसतो, 'याला अभ्यासाचा कंटाळा आहे.'

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा इथं शाळकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला. नुसता तक्ता पुरत नाही, हे त्यातून दिसलं. तिथल्या तपासणीत एक साधी युक्ती होती. एक डोळा झाका आणि दुसरा जागेवरून हलतो का ते बघा. हलला, तर आधी दोघांची नजर एका जागी नव्हती.

१९६० मध्ये बेल लॅब्जमधल्या बेला युलेसनं कॉम्प्युटरवर ठिपक्यांची जोडचित्रं केली. एका डोळ्याला नुसते ठिपके, दोन्हींना मिळून त्यातून वर आलेला चौकोन. अशाच ठिपक्यांवरून पुढे लहान मुलांच्या चाचण्या निघाल्या. त्यांना अक्षरओळख लागत नाही.

घाई कशाला? १९६५ मध्ये ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांमध्ये मुद्दाम तिरळेपणा आणला. दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी फारच थोड्या उरल्या. लहान वयात मेंदू जे शिकतो, ते नंतर शिकवणं अवघड जातं.

म्हणून घरातल्या चिमुरड्याची तपासणी झाली, की 'नंबर किती?' एवढंच विचारून थांबू नका. 'दोन्ही डोळे एकत्र तपासले का?' हेही विचारा.