जुन्या मोटारींच्या पत्र्याची गंजदुरुस्ती

जुन्या मोटारींच्या पत्र्याची गंजदुरुस्ती म्हणजे मोटारीच्या पोलादी सांगाड्याचा गंजलेला भाग काढून टाकणे, त्या जागी योग्य जाडीचा नवा पत्रा जोडणे आणि तो पुन्हा गंजू नये अशी व्यवस्था करणे होय. नुसता रंग देणे किंवा भोके बुजविणे यांपेक्षा ही प्रक्रिया वेगळी आहे. अनेक मोटारींत बाहेरचा पत्रा हाच भार वाहणाऱ्या सांगाड्याचा भाग असल्याने या दुरुस्तीचा संबंध केवळ देखणेपणाशी नसून प्रवाशांच्या सुरक्षिततेशी असतो. महाराष्ट्रातील परिचित उदाहरण म्हणून येथे प्रीमियर पद्मिनी ही मोटार घेतली आहे.

पार्श्वभूमी

इटलीच्या फियाट ११०० डी या मोटारीवर आधारलेली ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे १९६४ पासून तयार केली. पुढे १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक दशके धावली. टॅक्सींसाठीच्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती या सेवेतून बाहेर पडली. आता उरलेल्या गाड्या प्रामुख्याने हौशी मालकांकडे आहेत.

पद्मिनीला स्वतंत्र चॅसी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पेट्या (सिल), छताचे खांब आणि चाकांवरील कमानी हे सर्व भाग एकमेकांना जोडून तिचा एकसंध सांगाडा बनतो. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरची रचनाही याच प्रकारची आहे. अशा गाडीत सिल कुजली, तर सांगाड्याची ताकद घटते, दारे नीट बसत नाहीत आणि अपघातात संरक्षण कमी होते.

गंजाची कारणे

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांच्या विद्युत-रासायनिक अभिक्रियेतून गंज तयार होतो. ॲल्युमिनियमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर धातूला चिकटून राहतो व त्याचे रक्षण करतो. गंज मात्र सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि ओलावा आतल्या धातूपर्यंत पोहोचत राहतो. किनारपट्टीच्या हवेतील क्षारांमुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढून ही क्रिया वेगाने होते.

पाणी साचते त्या जागा प्रथम गंजतात. दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके चिखलाने बुजणे, काचेभोवतीचे रबर कडक होणे आणि पायाखालच्या जाजमात पावसाचे पाणी मुरणे ही नेहमीची कारणे होत. अशा ठिकाणी गंज पुष्कळदा आतून बाहेर येतो. रंगावर दिसणारा लहानसा फुगवटा हे त्याचे उशिरा दिसणारे लक्षण असते.

तपासणी

जाजम, आसने व आतील अस्तर काढून पत्रा उघडा केला जातो. हलक्या हातोडीने ठोकल्यास चांगला पत्रा खणखणीत वाजतो, तर कुजलेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो. पुट्टीखाली दडलेला भाग लोहचुंबकाने ओळखता येतो, कारण पुट्टीच्या जाड थरावर चुंबक चिकटत नाही. संशयित जागी टोकदार पेचकस दाबून पत्र्याची ताकद पाहिली जाते.

दुरुस्तीची पद्धत

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून काढला जातो. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लयुक्त द्रावण लावल्यास त्याचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. मात्र पत्रा पातळ झाला असल्यास या उपायाने त्याची गेलेली ताकद परत येत नाही.

भोके पडलेला भाग चकाकते पोलाद लागेपर्यंत कापावा लागतो. सिल कापण्यापूर्वी गाडीला खालून योग्य ठिकाणी आधार देऊन दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू जोडतात. हे न केल्यास सांगाडा खचतो आणि त्याच अवस्थेत नवा पत्रा जोडला गेल्यास गाडी कायमची वाकडी राहते. म्हणून दारांच्या फटींची मापे आधी नोंदवून ठेवली जातात.

नवा तुकडा पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापून हातोडी व डॉलीच्या साहाय्याने आकारात आणला जातो. गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असल्याने सलग वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो. यासाठी मिग वेल्डिंगचे लहान टाके एकमेकांपासून दूर टाकत सांधा हळूहळू पूर्ण केला जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी तोडणे आणि जवळ काम असल्यास पेट्रोलची टाकी उतरविणे अत्यावश्यक आहे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापविल्यास निघणारी वाफ आरोग्यास घातक असते.

पुट्टीचा वापर सांधा घासून सपाट केल्यानंतर उरलेली उंचसखलता भरण्यापुरताच करतात. भोकावर जाळी ठेवून पुट्टी भरणे ही स्वस्त आणि झटपट पद्धत असली तरी तिच्यामागे गंज वाढत राहतो. शिवाय सांगाडा कमकुवत असल्याचे पुढील मालकाला कळत नाही.

संरक्षण

उघड्या पोलादावर प्राइमर व रंग चढविल्यावर पोकळ पेट्यांच्या आत मेणयुक्त संरक्षक द्रव फवारला जातो. निचऱ्याची भोके मोकळी ठेवणे तितकेच महत्त्वाचे असते, कारण पाण्याला वाट नसेल तर नवा पत्राही जुन्याप्रमाणेच कुजतो.

मूळ स्वरूपाचा प्रश्न

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, ५० वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. जतनाच्या दृष्टीनेही मूळ पत्रा शक्य तेवढा राखणे इष्ट मानले जाते. त्यामुळे कुजलेले तेवढेच कापणे, नवा भाग मूळ आकाराचाच बनविणे आणि कामाची छायाचित्रे जपून ठेवणे ही चांगल्या दुरुस्तीची लक्षणे समजली जातात.