शिडाच्या नौकेवरील वीजनिर्मिती : मापनयंत्रापासून जनित्रापर्यंत

शिडाच्या नौकेने स्वतःच्या गतीतूनच वीज मिळवावी, ही कल्पना सर्वस्वी आधुनिक वाटते. तथापि तिचे मूळ विद्युत्‌शास्त्रात नसून सागरी मापनविद्येत आहे. दोरीला बांधलेली फळी पाण्यात टाकून नौकेचा वेग मोजण्याची रीत विल्यम बोर्न याने १५७४ साली ग्रंथबद्ध केली. पुढे त्या दोरीस ठरावीक अंतरावर गाठी मारण्यात येऊ लागल्या आणि ‘नॉट’ हे एकक रूढ झाले. एडवर्ड मॅसी याने १८०२ साली फळीच्या जागी पाण्याने फिरणारा पंखा आणला. टॉमस वॉकर याने १८६१ साली त्यात सुधारणा केली. त्यानंतर मोजणीची तबकडी पाण्यातून निघून नौकेच्या मागील कठड्यावर आली आणि पंख्याचे फिरणे लांब, पीळदार दोरीतून तिच्यापर्यंत पोहोचू लागले.

या तबकडीच्या जागी जनित्र बसविले की ओढत्या जनित्राची रचना पूर्ण होते. असे असूनही ती प्रचारात येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. याची कारणे दोन. पहिले म्हणजे, पाण्याचा अवरोध हा खलाशाचा जुना शत्रू होय. १८६० साली जलावतरण झालेल्या ‘वॉरियर’ या ब्रिटिश युद्धनौकेवर शिडे उभारल्यावर पंखा पाण्याबाहेर उचलून घेण्याची सोय होती, ती याचसाठी. दुसरे म्हणजे, तेलाच्या दिव्यावर भागणाऱ्या नौकेला विजेची निकड नव्हती.

ही निकड दूरच्या एकल सफरींनी निर्माण केली. खलाशी झोपला असता सुकाणू सांभाळणारे स्वयंचलित यंत्र विजेवर चाले. वीज संपली की त्याची झोपही संपे. इंजिन चालवावे तर इंधनाचा भार वाहावा लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेंच नाविक यानिक बेस्तावेन यांनी स्थापन केलेल्या उद्योगाने दोरीऐवजी नौकेच्या मागील बाजूस पक्के बसणारे, हवे तेव्हा उचलता येणारे जनित्र पुढे आणले. २०२०–२१ ची ‘वाँदे ग्लोब’ ही जगप्रदक्षिणेची शर्यत बेस्तावेन यांनीच जिंकली.

या साधनाचे बळ आणि मर्यादा गणिताने स्पष्ट होतात. वेग ६ नॉट असता २४ सेंटिमीटर व्यासाच्या पंख्यातून जाणाऱ्या प्रवाहात सुमारे ६८० वॉट शक्ती असते. तिचा तीन-दशांश भाग हाती लागला तरी २०० वॉट मिळतात. परंतु शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने ३ नॉटला जेमतेम २५ वॉट उरतात. शिवाय मिळालेला प्रत्येक वॉट नौकेच्या गतीतूनच वजा होतो. वेगवान नौकेला ही वजावट जाणवत नाही, मंद नौकेला ती जड जाते.

मापनयंत्राला गतीची केवळ नोंद घ्यावयाची होती. जनित्राला गतीचा वाटा हवा असतो. म्हणून या साधनाचा इतिहास पेटंटांच्या सनावळीतून उलगडत नाही. खलाशी आपल्या वेगाचा किती अंश कशासाठी देण्यास तयार झाला, या प्रश्नातूनच तो उलगडतो.