मुष्टियुद्धांतील पवित्रा आणि डावा हात

मुष्टियुद्ध शिकावयास आलेल्या नवख्या मुलास पहिल्या दिवशीं कोणी ठोसा मारावयास सांगत नाहीं. त्यास प्रथम उभें राहावयास शिकवितात. हें पाहून त्याचा हिरमोड होतो. उभें राहण्यांत शिकण्यासारखें काय आहे, असें त्यास वाटतें. पण आपल्या तालमींत ज्यांनीं लाठी किंवा दांडपट्टा फिरविला असेल, त्यांस 'पवित्रा' ह्या शब्दाचें मोल निराळें सांगावयास नको. आधीं पवित्रा, मग वार, हा क्रम सर्वत्र सारखाच आहे. मुष्टियुद्धांतील ह्या पवित्र्याची, आणि त्यांतून निघणाऱ्या पहिल्या ठोशाची, म्हणजे डाव्या हाताच्या सरळ 'जॅब'ची, हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

हा पवित्रा कोणा एका गुरूनें ठरविलेला नाहीं. लंडन शहरांत १७४३ सालीं जॅक ब्रॉटन ह्यानें ह्या खेळाचे पहिले लेखी नियम केले. पडलेल्या गड्यास मारूं नये, कमरेखालीं धरूं नये, एवढें बंधन त्यानें घातलें. परंतु कमरेच्या वर पकडून प्रतिस्पर्ध्यास आपटण्याची मोकळीक राहिली, आणि सामने उघड्या मुठींनीं होत. म्हणून त्या काळचे योद्धे धड मागें झुकवून आणि दोन्ही हात बरेच पुढें धरून उभे राहत. उघडी मूठ कवटीवर जोरानें आदळली तर मारणाऱ्याचींच हाडें मोडण्याचें भय असे. पुढें डॅनियल मेंडोझा ह्या लहानखुऱ्या बांध्याच्या योद्ध्यानें पायांची हालचाल आणि बचाव ह्यांवर भर दिला. १७८९ सालीं त्यानें ह्या कलेवर पुस्तकहि लिहिलें. आपल्याहून धिप्पाड गड्यांस तो हरवी, आणि बुद्धीनें लढतां येतें हें लोकांस पटूं लागलें.

खरा पालट झाला तो १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनीं. ते तयार केले जॉन ग्रॅहॅम चेंबर्स ह्यानें, नांव मात्र मार्क्विसचें लागलें. हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी व एक मिनिटाची विश्रांति ठरली, आणि कुस्तीची धरपकड बंद झाली. आपटलें जाण्याची भीति गेली, तसें धड पुढें आलें, हात जवळ आले, पाय हलके झाले. ७ सप्टेंबर १८९२ रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें जेम्स कॉर्बेट ह्या एकेकाळच्या बँकेंतील कारकुनानें बलाढ्य जॉन सलिव्हन ह्यास एकविसाव्या फेरींत लोळविलें. सलिव्हन मुसंडी मारी. कॉर्बेट डावा हात चालवून बाजूस सरे. जुन्या बळावर नव्या रीतीचा तो विजय होता.

आतां ही रीत कशी, तें पाहूं. उजखोरा मनुष्य डावें पाऊल पुढें टाकतो. उजवें मागें व किंचित् बाजूस ठेवतो, आणि त्याची टांच थोडी उचलतो. गुडघे सैल, हनुवटी खालीं, कोंपरें बरगड्यांशीं. उजवी मूठ हनुवटीपाशीं, डावी गालाच्या उंचीवर पण जराशी पुढें. भार दोन्ही पायांवर असा वांटलेला असावा कीं, धक्का बसला तरी तोल जाऊं नये. ह्या पवित्र्यांतून डावा हात सरळ रेषेंत सुटतो व पुढचें पाऊल त्याबरोबर थोडें सरकतें. शेवटीं मूठ वळून तळवा जमिनीकडे येतो, आणि डावा खांदा वर येऊन हनुवटीस आडोसा देतो. मग तो हात ज्या वाटेनें गेला त्याच वाटेनें, तितक्याच वेगानें, परत गालापाशीं आला पाहिजे. नवख्याची चूक येथेंच होते. ठोसा बसला कीं काम झालें असें त्यास वाटतें. हात खालीं लोंबतो, आणि त्या निमिषांत प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हातास त्याचा गाल उघडा सांपडतो.

पण ही चूक नवखेच करतात असें मात्र नाहीं. जो लुई हा १९१४ सालीं अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत, अर्धेलीनें शेती कसणाऱ्या कृष्णवर्णी कुटुंबांत जन्मला आणि डेट्रॉइट शहरांत वाढला. जॅक ब्लॅकबर्न ह्या जुन्या मुष्टियोद्ध्यानें त्यास तयार केलें. १९३६ च्या उन्हाळ्यापर्यंत धंदेवाईक सामन्यांत त्याचा एकदांहि पराभव झाला नव्हता. त्याच्यासमोर माक्स श्मेलिंग हा जर्मन योद्धा आला. एकदां जगज्जेता झालेल्या ह्या गड्याचे दिवस आतां संपले, असेंच बहुतेकांचें मत होतें. परंतु श्मेलिंगनें लुईच्या सामन्यांचे चित्रपट बारकाईनें पाहिले होते. जॅब मारल्यावर लुईचा डावा हात खालीं येतो, हें त्यानें हेरलें. १९ जून १९३६ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें तो हात खालीं येण्याची वाट पाहत त्यानें उजवे ठोसे मारले. चौथ्या फेरींत लुई खालीं पडला. बाराव्या फेरींत पडला तो गणतीच्या आंत उठूं शकला नाहीं.

त्या रात्रीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर शोककळा पसरली, आणि जर्मनींत नाझी सत्तेनें हा विजय वंशश्रेष्ठतेचा पुरावा म्हणून मिरविला. एका हाताच्या हलगर्जीवर केवढें ओझें येऊन पडलें! लुई पुन्हां ब्लॅकबर्नपाशीं गेला आणि जुना दोष काढून टाकण्यास लागला. १९३७ सालीं तो जगज्जेता झाला. २२ जून १९३८ रोजीं त्याच मैदानावर श्मेलिंग पुन्हां समोर उभा राहिला. ज्या देशांत अनेक ठिकाणीं लुईस गोऱ्यांच्या पंक्तीस बसतां येत नव्हतें, त्याच देशाची अब्रू त्या रात्रीं त्याच्या हातीं होती. सामना १२४ सेकंदांत संपला, आणि श्मेलिंगला रुग्णालयांत न्यावें लागलें.

श्मेलिंगविषयींहि न्यायानें बोललें पाहिजे. तो नाझी पक्षाचा सभासद कधीं झाला नाहीं. १९३८ च्या नोव्हेंबरांत यहुद्यांवर हल्ले झाले, तेव्हां दोन यहुदी मुलांना त्यानें आपल्या खोलींत आसरा दिला. पुढें हे दोघे प्रतिस्पर्धी मित्र झाले, आणि १९८१ सालीं लुई वारला तेव्हां त्याच्या अंत्यविधीच्या खर्चास श्मेलिंगनें हातभार लावला.

म्हणून आरशासमोर तासन्‌तास पवित्रा घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलानें कुरकुर करूं नये. हात पुढें टाकणें कोणासहि जमतें; तो वेळेवर परत आणणें हीच विद्या आहे. ती न आल्यामुळें लुईसारखा योद्धा पडला, आणि पुन्हां पहिला धडा गिरविण्याची त्यास लाज वाटली नाहीं, म्हणून तो १९४९ पर्यंत जगज्जेता राहिला.