ठरावाच्या वाटेवरील देवडी

साहित्य संमेलनाच्या खुल्या अधिवेशनात ठरावांचे वाचन सुरू झाले की मंडपातील बरेच श्रोते चहाच्या शोधात उठतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कारण सभासदाची सूचना ग्राह्य धरावयाची की दप्तरदाखल करावयाची, तिचा मसुदा कोणत्या शब्दांत करावयाचा आणि अनुमोदन कोणी द्यावयाचे, याचा निकाल विषयनियामक समितीत आधीच लागलेला असतो. बेळगावास १९४६ साली, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तसा प्रसंग विरळा.

ही वहिवाट राष्ट्रसभेने (काँग्रेसने) रूढ केली. १८८५ साली मुंबईस जमलेल्या ७२ प्रतिनिधींपुढे काय यावे हे मूठभर पुढाऱ्यांनीच ठरविले होते. १८८७ साली मद्रासेस, बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असता, त्या कामासाठी विषयनियामक समिती नेमण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी अलाहाबादेस असा नियम झाला की, हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखाने अथवा जवळजवळ एकमुखाने ज्यास विरोध असेल, तो विषय चर्चेसच घेऊ नये. वकिलांचा भरणा असलेल्या सभेस शोभेल अशीच ही तरतूद होती.

परंतु समिती बसण्यापूर्वी मसुदा ज्याच्या हाती असतो त्याचीच खरी हुकमत चालते, हे राष्ट्रसभेच्या सुरत अधिवेशनात उघड झाले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे १९०६ चे कलकत्त्याचे ठराव सौम्य केले जाणार असा जहालांना संशय होता, आणि मसुदे वेळेवर दाखविले जात नाहीत ही त्यांची तक्रार होती. तेव्हा २७ डिसेंबर १९०७ रोजी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांस चिठ्ठी धाडली, की अध्यक्षनिवडीच्या सूचनेस अनुमोदन मिळताच आपणांस तहकुबीची सूचना मांडावयाची आहे. चिठ्ठीस उत्तर आले नाही. टिळक व्यासपीठावर चढले, तर सूचना नियमबाह्य ठरली आणि डॉ. रासबिहारी घोष अध्यक्षस्थानी बसलेही; टिळक मात्र हाताची घडी घालून उभेच राहिले. पुढच्या गोंधळात भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ व फिरोजशहा या दोघा मवाळ पुढाऱ्यांनाही लागला, याची वर्णने चवीने सांगितली जातात. उत्तर न मिळालेल्या त्या चिठ्ठीचा विसर पडतो, हे मला अधिक खटकते.

मवाळांनी यावर काढलेला तोडगा चाणाक्ष होता. १९०८ च्या घटनेने सूचनेच्याही आधी सूचकाचीच छाननी आरंभिली: ध्येयवाक्यावर लेखी सही करील तोच प्रतिनिधी. टिळकपक्ष बाहेर राहिला तो १९१५ साली मुंबईस नियम शिथिल होईपर्यंत. १९१६ च्या लखनौ अधिवेशनात तो पुन्हा राष्ट्रसभेत आला.